परग्रहांवरच्या गुंतागुंतीच्या जीवांचा हिशोब

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

परग्रहांवरच्या प्रगत जीवांवरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. ‘आकाशगंगेत अब्जावधी ग्रह आहेत, म्हणजे कुठेतरी प्रगत जीव असणारच’ हे पहिलंच वाक्य काढून टाक. त्या अब्जावधींना ज्या शक्यतेनं गुणायचं तीच आपल्याला माहीत नाही. ती अब्जात एक निघाली तर हाताशी मोजकेच ग्रह उरतील, त्याहून कमी निघाली तर आपण एकटेच.

दुसरं म्हणजे साधे जीव आणि गुंतागुंतीचे जीव यांची गल्लत झाली आहे. पृथ्वीचं वय साधारण 4.5 अब्ज वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात जवळपास 3.5 अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांच्या खुणा आहेत. झाडं, बुरशी आणि प्राणी ज्या दृश्यकेंद्रकी (आत वेगळं केंद्रक असलेल्या) पेशींचे बनतात, त्यांचे सर्वमान्य जीवाश्म मात्र 1.6 अब्ज वर्षांच्या आसपासचे.

यावरून तू लिहिलंस, ‘इतका उशीर झाला, म्हणजे हा टप्पा फार अवघड.’ इथेच बहुतेक जण फसतात. संगणकावर करूनच बघ. 10 लाख ग्रह घे, प्रत्येकाला 5 अब्ज वर्षांची मुदत दे. टप्पा ओलांडायला सरासरी 50 अब्ज वर्षं लागतात असं धर. 0 ते 1 मधली यादृच्छिक संख्या घेऊन तिच्या नैसर्गिक लॉगला उणे 50 ने गुणलं की त्या ग्रहाला लागलेला वेळ अब्ज वर्षांत मिळतो. मुदतीत बसणारे सुमारे 95 हजार ग्रह निघतील आणि त्यांची सरासरी 2.46 अब्ज वर्षं येईल. आता 50 च्या जागी 500 टाक. ग्रह उरतील जेमतेम 10 हजार, सरासरी 2.5 अब्ज. टप्पा दहापट अवघड झाला, तारीख जवळजवळ तिथेच! हा प्रश्न विचारणारा कोणी असेल तर तो यशस्वी ग्रहावरच असणार, म्हणून असं होतं. भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी 1983 मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचं मूळ हेच. ‘जीव लवकर आले, म्हणजे ते सोपं’ या उलट्या दाव्यालाही हीच मेख लागू पडते: पुढचे टप्पे रेंगाळणारे असतील, तर सुरुवात लवकर झालेल्या ग्रहावरच हिशोब मांडायला कोणी शिल्लक राहील.

म्हणून तारखा बाजूला ठेव आणि यंत्रणेकडे वळ. बहुपेशीय होणं पृथ्वीवर अनेकदा, स्वतंत्रपणे घडलं आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात यीस्टच्या द्रावणातल्या लवकर तळाशी बसणाऱ्या पेशीच तेवढ्या रोज पुढच्या नळीत नेल्या, आणि 60 दिवसांत एकमेकींना चिकटून राहणाऱ्या पेशींचे पुंजके तयार झाले. हा अडथळा फार मोठा दिसत नाही.

खरा पेच दृश्यकेंद्रकी पेशीचा. एका आर्कियानं (जीवाणूंसारख्याच, केंद्रक नसलेल्या पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवानं) जीवाणूला आत सामावून घेतलं आणि त्या जीवाणूची तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, झाली. आजच्या सगळ्या दृश्यकेंद्रकी जीवांचा हा वारसा एकच आहे. पण ‘एकदाच’ याचे दोन अर्थ निघतात: घटना दुर्मीळ होती, किंवा अनेकदा घडली आणि बाकीचे वंश टिकले नाहीत. घटना दुर्मीळ नव्हती असं म्हणणारे लोक पॉलिनेला या अमीबासदृश जीवाचा दाखला देतात. त्यानं साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) गिळून प्रकाशसंश्लेषण मिळवलं. दाखला चांगला आहे, पण तो अपुरा आहे, कारण गिळण्याची यंत्रणा त्याच्याकडे आधीच होती, तो स्वतः दृश्यकेंद्रकी असल्यामुळेच. माझ्या मते निम्मा लेख या एका प्रश्नावर खर्च झाला तरी चालेल. ग्रहांची यादी चार ओळींत आटोप.

शेवटचा ‘ऑक्सिजन सापडला की झालं’ हा भाग पुन्हा लिही. लाल बटू (सूर्याहून लहान आणि थंड) ताऱ्याजवळच्या ग्रहावर अतिनील किरणांनी पाण्याचं विघटन होतं, हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि एकाही जीवाविना ऑक्सिजन साचू शकतो. म्हणून त्याच्या जोडीला मिथेन आहे का ते पाहतात. दोन्ही वायू एकमेकांना संपवतात, त्यामुळे ते सोबत टिकायचे तर सतत पुरवठा लागतो. आणि तो पुरवठा सूक्ष्मजीवही करू शकतात. पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन वाढला तो सुमारे 2.4 अब्ज वर्षांपूर्वी, तेव्हा प्राण्यांचा पत्ताही नव्हता. तेव्हा या परिच्छेदातला ‘प्रगत’ हा शब्द खोड.

सिम्युलेशनमध्ये आता एकाऐवजी दोन अवघड टप्पे एकामागोमाग टाक आणि दोन्ही टप्प्यांच्या तारखांचे आलेख मला पाठव.

तुझा,
मार्गदर्शक