लातूरला घरातूनच पापड-शेवयांचा धंदा आहे. माल पोचवायला स्कूटी लागते, तो प्रवासखर्च आयकरात वजा होतो का?

हो ताई, वजा होतो. पण किलोमीटरमागे अमुक रुपये असा दर धंद्यासाठी आपल्याकडे नाही, खरोखर झालेला खर्चच धरतात. मी इथे छोट्या व्यावसायिकांची रिटर्न भरतो, त्यावरून सांगतो. आयकर कायदा १९६१, कलम ३७(१) प्रमाणे निव्वळ धंद्यासाठीचं पेट्रोल आणि कलम ३१ प्रमाणे सर्व्हिसिंग, विमा वजा करता येतो. गाडी तुमच्या नावावर असेल तर १५ टक्के घसाराही (वापराने गाडीची किंमत दरवर्षी घटते, तो भाग). (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच.) स्कूटी घरकामालाही फिरत असेल तर तेवढा वाटा सोडावा लागतो, आणि तो ठरवायला वही हवीच. नोंद अशी करा: ‘१२ जून, लातूर ते औसा आणि परत, दोन किराणा दुकानांना शेवया, रीडिंग १८२४० ते १८२८२’. पेट्रोलची पावती त्याच पानाला टाचा, आणि फोटोही काढून ठेवा, कारण पंपावरच्या पावतीची शाई उडून कोरा कागद उरतो. मुलांना शाळेत सोडल्याच्या फेऱ्या यात अजिबात घुसडू नका.

एक मात्र आधी बघा: १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४४एडी खाली अंदाजित नफा (रोख विक्रीवर ८ टक्के, बँक-यूपीआयने आलेल्यावर ६) दाखवत असाल, तर पेट्रोल, घसारा काहीच वेगळं वजा होत नाही. सगळा खर्च त्यातच धरलेला असतो.