एलएलपी केल्याने आईंच्या नावावरचे घर सुरक्षित राहील का?

नमस्कार. आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: इंदूरच्या सांवेर रोडवर आपण आणि आपले मेहुणे मिळून शेव-मिक्स्चरचा कारखाना चालवता आणि तो आज भागीदारी संस्था म्हणून नोंदलेला आहे. सियागंजातल्या बेसन-तेलाच्या व्यापाऱ्यांची उधारी वाढली आहे, बँकेकडून कॅश क्रेडिटची (धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जाची) मर्यादा वाढवून घ्यायची आहे, आणि लोकमान्यनगरातले घर आईंच्या नावावर आहे. संस्थेची एलएलपी (लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली की घराला कुणी हात लावू शकत नाही, असे आपल्याला सांगण्यात आले आहे. हे पूर्ण खरे नाही, आणि जेवढे खरे आहे त्याचा आपल्या घराशी फारसा संबंध नाही.

आधी आजची स्थिती पाहू. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 25 प्रमाणे संस्थेच्या प्रत्येक देण्याला सर्व भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार असतात. म्हणजे मेहुण्यांनी संस्थेच्या नावाने उचललेल्या मालाचे सगळे पैसे व्यापारी एकट्या आपल्याकडून मागू शकतो. आपला हिस्सा निम्माच आहे, हे सांगून सुटका होत नाही. मात्र आई भागीदार नाहीत. त्यामुळे त्यांच्या मालकीचे घर संस्थेच्या देण्यापोटी आजही जप्त होऊ शकत नाही. उद्या ते घर वारशाने आपल्याकडे आले, तर आपला हिस्सा आपली मालमत्ता होईल आणि तेव्हा प्रश्न उभा राहील. एलएलपीची खरी गरज असलीच तर ती आपली मुदतठेव, आपला प्लॉट आणि आपला भावी वारसा यांच्यासाठी आहे.

इंटरनेटवर ‘एलएलसी’विषयी (लिमिटेड लायबिलिटी कंपनी) जे वाचायला मिळते ते अमेरिकेतले रूप आहे, वायोमिंग राज्याने 1977 मध्ये त्याचा पहिला कायदा केला. भारतात तशी नोंदणी होत नाही. आपल्याकडे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि 2008 च्या कायद्याने आलेली एलएलपी हे दोन मुख्य पर्याय आहेत आणि दोघांचे मूळ तत्त्व एकच आहे: व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळी व्यक्ती ठरतो, त्याची देणी त्याची स्वतःची असतात. हे तत्त्व पक्के झाले ते इंग्लंडमधल्या सॉलोमन खटल्यात, 1896 मध्ये. चामड्याचे बूट करणाऱ्या सॉलोमन यांनी आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. 20,007 पैकी 20,001 शेअर त्यांचे आणि उरलेले सहा घरच्यांचे, प्रत्येकी एक. कंपनी बुडाली तेव्हा येणेकरी म्हणाले की ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, त्यांच्याकडूनच वसुली करा. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ते मानले नाही. कंपनी रीतसर नोंदलेली असेल तर ती एकाच माणसाच्या मुठीत असली तरी वेगळीच, असा तो निर्णय होता. आपल्या एलएलपी कायद्यातली कलमे 27 आणि 28 याच वाटेने जातात: देणे एलएलपीचे, आणि केवळ भागीदार आहे म्हणून कुणावर त्याचा बोजा नाही. जेवढे भांडवल घालण्याचे करारात कबूल केले तेवढे मात्र द्यावेच लागते. दहा लाख लिहून चारच भरले असतील, तर उरलेले सहा मागण्याचा मार्ग मोकळा राहतो.

आता मुख्य मुद्दा. एवढे संरक्षण कायद्याने दिल्यावरही लहान उद्योजकाचे घर जाते ते बहुधा त्याच्या स्वतःच्या सहीने. कर्जाची मर्यादा वाढवताना बँक मंजुरीपत्रासोबत जामीनपत्र पुढे ठेवते आणि त्यावर आपली, मेहुण्यांची, आणि घर तारण द्यायचे असेल तर आईंचीही सही मागते. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी एलएलपीच्या मागे लागून मग जामीनदाराकडे यावे लागत नाही. जी आई आज संस्थेच्या देण्यांपासून पूर्ण अलिप्त आहे, ती एलएलपी झाल्यावर त्या एका कागदाने आत ओढली जाते. पुढे आपण एलएलपीतून बाहेर पडलात तरी जामीन आपोआप सुटत नाही. बँकेकडून लेखी मुक्तता घ्यावी लागते. एखाद्या कंपनीची दिवाळखोरी संहितेखाली पुनर्रचना मंजूर झाली, तरी तिचा जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केले आहे.

म्हणून माझे मत असे की बँकेशी घासाघीस व्याजदरावर करण्याआधी जामिनावर करावी. यंत्रे, साठा आणि येणी यांच्या तारणावर किती मर्यादा मिळते ते आधी विचारावे. घर द्यावेच लागले, तर आईंची सही फक्त गहाणखतावर, ठराविक रकमेपुरती घेता येईल का, आणि स्वतंत्र वैयक्तिक हमी टाळता येईल का, हे स्पष्ट विचारावे. गहाणात घर जाईल, पण हमीत घरासकट त्यांची पेन्शनची बचतही येते. शाखा व्यवस्थापक ‘हा आमचा छापील नमुना आहे’ म्हणतील. मर्यादित रकमेची हमी बँका स्वीकारतात, फक्त ती मागावी लागते.

दुसरी बाब रूपांतराची. भागीदारीची एलएलपी केली की जुनी देणी नव्या संस्थेकडे जातात, पण एलएलपी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे रूपांतराआधीच्या देण्यांना आणि आधी केलेल्या करारांतून पुढे निघणाऱ्या देण्यांनाही जुने भागीदार वैयक्तिक जबाबदार राहतातच. सियागंजातली आजची उधारी अशी पुसली जात नाही. ती चुकती करून मगच रूपांतर करणे शहाणपणाचे आहे.

सहीची पद्धतही बदलावी लागेल. बिले आणि पत्रव्यवहारावर एलएलपीचे नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ती मर्यादित जबाबदारीने नोंदलेली असल्याचे विधान छापावे लागते. रूपांतरानंतर बारा महिने जुन्या संस्थेचा उल्लेखही करावा लागतो. आपल्याकडे जुनी बिलबुके संपेपर्यंत वापरण्याची सवय असते, ती येथे महाग पडू शकते. खरेदीच्या ऑर्डरवर नुसती सही न करता ‘…एलएलपीकरिता’ असा शिक्का आणि खाली पदनाम हवे. व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर ‘पैशाची काळजी करू नका, मी बसलो आहे’ असे लिहू नये. इंदूरच्या बाजारात हे सहज बोलले जाते, पण वाद झाला की समोरचा वकील तेच पान न्यायालयात ठेवतो. घरखर्च एलएलपीच्या खात्यातून करणेही बंद करावे.

काही जबाबदाऱ्या कोणत्याही रूपात टळत नाहीत. चेक परत गेला तर चेक-हुंड्यांविषयीच्या 1881 च्या कायद्याच्या कलम 138 व 141 खाली कारभार पाहणाऱ्या भागीदारावर फौजदारी खटला होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एलएलपीचा थकलेला प्राप्तिकर वसूल झाला नाही, तर स्वतःचा गंभीर हलगर्जीपणा नव्हता हे भागीदाराला सिद्ध करावे लागते. आपला माल खाण्याचा असल्याने अन्नसुरक्षा कायद्याचे कलम 66 विशेष वाचा: कारखान्याच्या अन्नसुरक्षेसाठी नेमलेली व्यक्ती स्वतः उत्तरदायी असते, म्हणून ते नाव रिकामी जागा भरायची म्हणून देऊ नये. स्वतःच्या चुकीच्या कृत्याची जबाबदारी तर एलएलपी कायद्याच्या कलम 28 नेच भागीदारावर ठेवली आहे, आणि येणेकऱ्यांना फसवण्यासाठी कारभार केला असेल तर त्याच कायद्याच्या कलम 30 खाली जबाबदारीला मर्यादा उरतच नाही.

मेहुणे बाहेर पडले आणि आपण एकटेच राहिलात, तर सहा महिन्यांत दुसरा भागीदार आणावा लागतो. त्यानंतर जाणूनबुजून तसेच चालू ठेवल्यास त्या काळातली देणी आपल्या अंगावर येतात. एलएलपीला दरवर्षी 30 मेपर्यंत फॉर्म 11 (वार्षिक विवरण) आणि 30 ऑक्टोबरपर्यंत फॉर्म 8 (हिशेबाचे विवरण) भरावा लागतो. मध्य प्रदेशचे कंपनी निबंधक ग्वाल्हेरला आहेत, पण हे काम ऑनलाइन होते.

मंजुरीपत्र हाती आले की सही करण्याआधी त्यातला जामिनाचा परिच्छेद, नावे आणि खाते क्रमांक झाकून, येथे द्यावा. शब्दरचना पाहिल्याशिवाय आईंनी सही करावी की नाही, हे सांगता येणार नाही.