तैलचित्र पावसात वाळत का नाही?

जून लागला की चित्र काढणाऱ्यांच्या पत्रांत हाच प्रश्न येतो, फक्त गाव बदलतं. यंदा त्याच्या जोडीला आणखीही काही प्रश्न आहेत.

त्वचेसाठी 'फ्लेश टिंट'ची तयार ट्यूब घेऊ का? (चिपळूण)
नको. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) पुरे.

दिवा घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र रविवर्म्यांचं तैलचित्र ना? (सावंतवाडी)
नाही, आणि हे सावंतवाडीहून विचारलं जावं याचं वाईट वाटतं. ते तुमच्याच गावच्या सा. ल. हळदणकरांचं, जलरंगातलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुढे पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नका.

वडिलांचं चित्र करून तीन आठवडे झाले, काळा कोट अजून हाताला लागतो. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलंय. दुकानदार म्हणतो, वरून ड्रायर (रंग लवकर वाळवणारं द्रव्य) लावा, व्हार्निश मारा, काचेत बसवा. (देवगड)
यातलं काहीही करू नका. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं. दमट हवेत, बंद खोलीत त्याला वेळ लागतो. त्यातून आयव्हरी ब्लॅक मुळातच सावकाश वाळतो, बर्न्ट अंबर लवकर. म्हणून चेहरा वाळला आणि कोट राहिला. ड्रायर रंगवतानाच रंगात थेंबभर मिसळायचा असतो. वरून चोपडला तर साय धरते, खाली ओलंच राहतं आणि पुढे तडे जातात. व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने. चुलीपाशीही नेऊ नका, धूर बसतो.

वर्षश्राद्धाला चित्र तसंच, काचेविना ठेवा. हार फ्रेमला घाला, ओली फुलं रंगाला टेकू देऊ नका. चिऱ्याची भिंत ओल धरते, तेव्हा मागे बुचाचे तुकडे लावून दोन बोटं अंतर सोडा. रंगाचा थर फार जाड असेल, तर आधी जाणत्या चित्रकाराला प्रत्यक्ष दाखवा. पत्रावरून मी एवढंच सांगू शकतो.

रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनने डोकं दुखतं. (मालवण)
काम थांबवा, खिडक्या उघडा, डॉक्टरांना दाखवा. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर सुट्या पसरून वाळवा.

दुकानात फोटोवरून दोन दिवसांत 'हाताने रंगवलेलं तैलचित्र' मिळालं, अगदी कोरडं. (रत्नागिरी)
भिंगातून गाल पाहा. पारदर्शक जेलच्या फटकाऱ्यांखाली बारीक रंगीत ठिपके दिसले, तर ती कॅनव्हासवरची छपाई आहे. पावती घेऊन दुकानात जा.