मेहामनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अगं, नॉर्वेच्या गामविक नगरपालिकेतल्या मेहामन गावाला जायचं ठरवलंस हे ऐकूनच भारी वाटलं, पण हिवाळ्यात जाणार असशील तर आधी रस्त्याचं बघ. मेहामनला जाणारा ८८८ नंबरचा रस्ता नॉर्डकिन द्वीपकल्पाच्या डोंगराळ भागातून जातो, वादळात तो बंद करतात किंवा फक्त ताफ्याने सोडतात, म्हणजे पुढे बर्फ हटवणारी गाडी आणि मागे आपण सगळे रांगेत. समोरच्याचे लाल दिवे सोडून काही दिसत नाही, तेवढेच धरून चालवायचं आणि काही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. टाकी फुल, फावडं, घोंगडी, थर्मासमध्ये चहा, यात कंजुषी नको. वाट बघायला लागू शकते म्हणून परतीचं तिकीट एक-दोन दिवस सैल ठेव, नाहीतर हुर्टिग्रुटेन कंपनीची किनाऱ्याने जाणारी प्रवासी बोट मेहामनला थांबते, मला स्वतःला तीच जास्त आवडते.

साधारण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी नुसता निळसर उजेड. उन्हाळ्यात गेलीस तर स्लेटनेसचं दीपगृह चुकवू नकोस, युरोपच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उत्तरेचं, १९०५ चं, १९४४ मध्ये जर्मनांनी माघार घेताना उद्ध्वस्त केलं, मग पुन्हा उभारलं. त्या वेळी इथली गावंही जाळली होती, म्हणून जुनी घरं फारशी दिसत नाहीत.

आणि धक्क्यावर कोळ्यांशी बोल. १९०३ मध्ये मच्छीमारांनी इथला देवमाशांच्या शिकारीचा कारखाना मोडून टाकला होता, देवमासे मारले की मासळी किनाऱ्याकडे येत नाही असं त्यांना वाटायचं म्हणून. लाकडी मांडवांवर कॉड मासे वाळताना दिसतील, फोटो काढण्याआधी विचारून घे.