यूएफओ : अज्ञात, अनोळखी की 'ओळख न पटलेली'?

प्रश्न असा आलाय की "पायलटला दिसलेल्या यूएफओची लष्करी चौकशी" या शीर्षकात यूएफओला, म्हणजे 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट'ला (ओळख न पटलेली उडती वस्तू), उडती तबकडी म्हणावं, अज्ञात वस्तू म्हणावं की अनोळखी वस्तू.

तबकडी आधी बाजूला काढू. तबकडी म्हटलं की ग्रामोफोनची नाहीतर घड्याळाची सपाट गोल चकती डोळ्यासमोर येते, म्हणजे तपास सुरू व्हायच्या आधीच आपण आकार सांगून मोकळे झालो. गंमत अशी की हा शब्द ज्या घटनेवरून आला तिथेसुद्धा आकार तो नव्हता. २४ जून १९४७ ला केनेथ अरनॉल्ड हा पायलट अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर या डोंगराजवळून विमानाने चालला होता, त्याला नऊ चकचकीत वस्तू दिसल्या आणि तो म्हणाला की बशी पाण्यावर भिरकावली की जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या. त्याने चाल सांगितली, पेपरवाल्यांनी त्याचा आकार केला! लष्कराला त्याने जे चित्र काढून दिलं त्यात वस्तू पुढून गोल आणि मागे निमुळती आहे.

आता अज्ञात. हा शब्द मला इथे पटत नाही, कारण अज्ञात म्हणजे कोणालाच माहीत नाही असा सूर लागतो. ७ जानेवारी १९४८ ला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कॅप्टन थॉमस मँटेल हा पायलट आकाशातल्या अशाच एका वस्तूमागे ऑक्सिजन नसताना वर वर चढत गेला आणि विमान कोसळून गेला बिचारा. आधी सांगण्यात आलं की तो शुक्र ग्रह असावा, नंतर बहुधा स्कायहुक नावाचा खूप उंच जाणारा बलून होता असं ठरलं, आणि हे बलून नौदलाच्या गुप्त प्रकल्पातले होते. म्हणजे नौदलाला माहीत, मँटेलला नाही, त्याच्या हवाई दलालाही नाही. मग तिला अज्ञात कसं म्हणायचं? अनोळखी त्यापेक्षा बरा आहे, पण तो माणसाला जास्त शोभतो, अनोळखी गृहस्थ, अनोळखी नंबर, आणि त्यात 'मी आधी कधी भेटलो नाही' एवढंच येतं.

मराठीत नेमका शब्दप्रयोग तयार आहे, आपण तो रोज बातम्यांत वाचतो: "मृतदेहाची ओळख अद्याप पटलेली नाही." ओळख पटणं ही तपासाच्या शेवटी होणारी गोष्ट आहे, आज पटली नाही तर उद्या पटेल, आणि यूएफओचा मूळ अर्थ तेवढाच आहे, परग्रहावरचं यान वगैरे त्यात कुठेच नाही. अमेरिकन हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यातल्या ७०१ ची ओळख शेवटपर्यंत पटली नाही. हे वाक्य अज्ञात घालून लिहून बघा, लगेच गूढकथा वाटायला लागते.

आणि चौकशी या शब्दाकडेही बघाच. "पायलटची चौकशी" म्हटलं की त्यानेच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं, "पायलटकडे चौकशी केली" म्हटलं की तो साक्षीदार होतो, एवढ्याशा बदलाने माणूस आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर येतो. ज्यांनी दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं त्यांच्या बाबतीत एवढी काळजी घ्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. वस्तूचा मात्र तपास.

तेव्हा मी लिहीन, "पायलटला दिसलेल्या, ओळख न पटलेल्या वस्तूचा लष्करी तपास". घटना अरनॉल्डची असेल तर लष्करी अगदी बरोबर, तेव्हा तिथलं हवाई दल लष्कराचाच भाग होतं. सप्टेंबर १९४७ मध्ये ते वेगळं झालं, त्यामुळे मँटेलच्या बाबतीत सरळ "हवाई दलाचा तपास" म्हणा.