बर्लिनमध्ये व्हीगन खायचंय? मग हे बघा

पाटीवर नुसतं ‘वेगेटारिश’ (शाकाहारी) असेल तर त्यात चीज किंवा अंडं असू शकतं. ‘वेगान’ (म्हणजे व्हीगन, प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेलं) हाच शब्द शोधा. सगळ्यात सोपं आणि पोटभर म्हणजे फलाफल (छोल्यांचे तळलेले वडे) रॅप, तो जवळजवळ प्रत्येक भागात मिळतो. ऑर्डर देतानाच तिळाचा सॉस सांगा. लसणाचा पांढरा सॉस बहुधा दह्याचा असतो आणि तुम्ही गप्प राहिलात तर तोच पडतो. फ्राइजवरचं मेयोनीज साधारणपणे अंड्याचं. जर्मन मसूर सूपमध्ये बऱ्याचदा बेकन (डुकराचं मांस) असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. भारतीय हॉटेलातही गाफील राहू नका: डाळीला तूप, ग्रेव्हीत क्रीम, नानमध्ये दही.

पाकिटावरची घटकांची यादी वाचताना दूध (‘मिल्श’) आणि अंडं (‘आय’) चटकन दिसतात, कारण अ‍ॅलर्जीच्या नियमामुळे ते ठळक छापावे लागतात. मध आणि जिलेटिनला (ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) तो नियम नाही, म्हणून जेलीच्या गोळ्या घेताना यादी शेवटपर्यंत वाचा. ‘श्पूरेन’ लिहिलं असेल तर तो घटक नव्हे, चुकून अंश मिसळण्याची शक्यता.

रविवारी बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात! ब्रेड, हुमुस (छोल्यांची चटणी), सोया दही शनिवारीच आणून ठेवा. अडलंच तर मुख्य रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट गाठा.