आधी विस्थापन पाहा

प्रिय मित्रा,

अल्फा इंडियम सेलेनाइड या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या (ज्यात आपोआप विद्युत ध्रुवीकरण असते आणि ते उलटवता येते) एका थराचा फोनॉन आलेख, म्हणजे अणूंच्या सामूहिक कंपनांच्या वारंवारतांचा आलेख, पाठवून तू विचारले आहेस की गॅमा बिंदूपाशी, म्हणजे तरंगसदिश शून्य असतो तेथे, अनुतरंग (तरंगाच्या दिशेने हलणारी) आणि अवतरंग (तिला लंब हलणारी) या प्रकाशीय शाखा, ज्यांत शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध हलतात, एकमेकींना का मिळतात, आणि गणित चुकले असे मानून त्यांच्यात घनस्फटिकाची दुरुस्ती घालण्याचा तुझा बेत आहे. तो बेत सोडून दे. 1941 चा लिडेन-सॅक्स-टेलर संबंध (या दोन शाखांच्या वारंवारतांतील फट पदार्थाच्या विद्युत प्रतिसादाशी जोडणारे सूत्र) त्रिमितीय स्फटिकाचा आहे. एकाच थरात प्रतलीय कंपनातून उपजणारे दीर्घ पल्ल्याचे विद्युतक्षेत्र तरंगसदिशाबरोबरच शून्याकडे जाते, म्हणून ती फट मिटते आणि अनुतरंग शाखेला तेथून रेषीय चढ लागतो. अर्धवाहकात मुक्त प्रभार वाढले की त्या क्षेत्राला आवरण बसते आणि तो चढही ओसरतो.

हे वारंवारतांच्या रेघांवरून उमगत नाही. आधी विस्थापन पाहा: कोणता अणू, कोणत्या दिशेने, किती. त्याला बॉर्नच्या प्रभावी प्रभाराने (अणू सरकला की ध्रुवीकरण किती बदलते हे सांगणाऱ्या राशीने) गुण आणि मग विचार, ध्रुवीकरण बदलते का, आणि बदलत असेल तर प्रतलात की प्रतलाला लंब. स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककात पाच अणू, प्रत्येकाच्या तीन दिशा, म्हणजे पंधरा शाखा. पंधरांचेही बाण हाताने काढ. कंटाळा येईल, येऊ दे. या पदार्थात मधला सेलेनियमचा स्तर बाजूला सरकला की दोन्ही ध्रुवीकरणे जोडीने उलटतात. ती गाठ सुटी दाखवणारा आलेख मी तरी पाहिलेला नाही.

प्रत्येक प्रकाशीय फोनॉनला तू ध्रुवीकरण तरंग म्हणतोस, तेही मला खटकते. हार्मोनिक गणितात (ओढ विस्थापनाच्या प्रमाणातच धरणाऱ्या) अणू समतोल स्थानापासून जितका इकडे तितकाच तिकडे जातो, आणि ध्रुवीकरण विस्थापनाच्या प्रमाणात धरले तर त्याची सरासरी तसूभरही हलत नाही. फेरॉन (फेरोइलेक्ट्रिकमधील ध्रुवीकरणाच्या लहरीचा पुंज) स्वतःचा द्विध्रुव वाहून नेतो तो अहार्मोनिकतेच्या, म्हणजे ते प्रमाण मोडण्याच्या, बळावर. तेव्हा पुन्हा तेच: विस्थापन पाहा, आणि या वेळी त्याची सरासरीही.

या हट्टापायी माझे काही निबंध मागे पडले आणि इतरांचे आधी छापले गेले, याची हळहळ आहे. तरीही 2016 मध्ये टिन टेल्युराइडच्या अणुपातळ थरात संक्रमण तापमान (ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिक गुण नाहीसा होतो) 270 केल्विनवर गेल्याचे कळले, घनस्फटिकात ते सुमारे 100 केल्विन असताना, तेव्हा थर पातळ झाला की फेरोइलेक्ट्रिक गुण मावळलाच पाहिजे असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारले: अणू कोणत्या दिशेने सरकले आहेत? ते प्रतलातच सरकलेले असल्यामुळे वरच्या-खालच्या पृष्ठभागांवर बद्ध प्रभार साचत नाही आणि विध्रुवीकरण क्षेत्राचा (त्या प्रभारातून उपजून ध्रुवीकरणालाच विरोध करणाऱ्या क्षेत्राचा) तो नेहमीचा अडथळा तेथे उभाच राहत नाही.